सुरकुत्या काढणाऱ्या बाई

त्या परीक्षेच्या आधी महिनाभर आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर जेवायला बंदी होती. टेबलावर एक किटली ठाण मांडून बसली होती, शेजारी काचेची बरणी, पुढ्यात दोन लिंबं, आणि या सगळ्यांच्या मागून-खालून एक पांढरी चादर अशी काही लोळत पडली होती की परक्या माणसाला वाटावं, या घरातल्या सुनेला काही वळण नाही. ती सून मी. आणि त्या चादरीला हात लावायचा नाही, अशी मला सक्त ताकीद होती. सासरे आरामखुर्चीत, नवरा खिडकीत आणि मी जिन्याच्या पायरीवर, मांडीवर ताटं घेऊन अशी आमची पंगत बसायची. लिंबं सुकून सुपारीएवढी झाली तरी हलवायची नव्हती, कारण सासूबाई ती काढत होत्या.

काढत होत्या म्हणजे कागदावर. हे फोड करून सांगायलाच हवं, कारण याच एका शब्दापायी पुढे आमच्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंचं इस्त्रीचं दुकान आहे. घराच्या खालच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेली एकच खोली. मधोमध जाड कांबळं अंथरलेलं उंच टेबल, छताला टांगलेली वायर, तिच्या टोकाला इस्त्री, आणि भिंतीच्या फळ्यांवर घड्या घातलेल्या कपड्यांच्या चळती. उभा जन्म त्यांनी या टेबलामागे उभं राहून काढला. त्यांना माणूस आधी दिसतच नाही, कपडा दिसतो. दुकानात कोण येऊन गेलं म्हणून विचारावं तर सांगणार, तो नाही का, कॉलरीला आतून पिवळा पट्टा असलेला. कुणाच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत यांनी सोफ्यावरचं कापड तळहाताने सपाट केलेलं असतं. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, सासूबाई तेवढ्या माझ्या बाहीकडे. त्या फोटोचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही, कारण नीट बघितलं तर ती बाही खरंच चुरगळलेली आहे.

चित्रकलेशी त्यांचा संबंध आला तोही कपड्यामुळेच. पलीकडच्या रस्त्यावर एक चित्रशाळा आहे. तिथले पडदे आणि टेबलावरची कापडं घेऊन तिथला शिपाई आमच्याकडे यायचा. एकदा त्याने एक भलीमोठी चादर आणली. सासूबाईंनी ती धुतली, तिला खळ दिली, आणि अशी कडक इस्त्री केली की चादर उभी राहिली असती. दुसऱ्या दिवशी चित्रशाळेचे सर स्वतः दुकानात आले. तक्रार घेऊन आले होते. म्हणाले, बाई, हिला इस्त्री कशाला केलीत, मला तर सुरकुत्याच हव्या होत्या.

चांगल्या इस्त्रीबद्दल बोलणी खायची पाळी त्यांच्यावर जन्मात आली नव्हती. त्या दिवसभर धुसफुसत राहिल्या. संध्याकाळी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तडक चित्रशाळेत गेल्या, या माणसाला सुरकुत्या हव्यात तरी कशाला ते बघायला. परत आल्या त्या धापा टाकत. मी कणीक मळत होते. माझा पिठाचा हात धरून त्यांनी मला स्टुलावर बसवलं.

"अगं, तिथे दहा माणसं गोल बसून एका चादरीच्या सुरकुत्या काढताहेत."

मी म्हटलं, दहा माणसं कशाला लागतात, तुम्ही एकट्या काढाल.

"तशा नाही गं. आपण काढतो त्या जातात. ते काढतात त्या राहतात."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी कणीक विसरले. आठवड्याभरात त्यांनी चित्रशाळेत नाव घातलं. सासरे म्हणाले, आयुष्यभर सुरकुत्या काढल्यास, आता म्हातारपणी आणखी कसल्या काढतेस. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण सासूबाई तोवर पेन्सिलीला टोक काढत बसल्या होत्या.

किटली त्यांना लगेच जमली. बरणी जमली, बरणीच्या पाण्यातून वाकडं दिसणारं लिंबूही जमलं. अडलं ते नेमकं चादरीपाशी. ज्या कापडावर त्यांचा हात बसलेला, तेच कागदावर उतरेना. उतरेना म्हणजे उतरायचं, पण इस्त्री होऊन. समोर चादर वाटेल तशी वेडीवाकडी पडलेली असे आणि यांच्या कागदावर तीच चादर नीटनेटकी, शहाण्यासारखी लोंबत असे. इथे जरा चुरगळलंय, ते बरं दिसत नाही, म्हणून त्या वगळायच्या. तिथे मोड तिरका गेलाय, म्हणून सरळ करायच्या. सर मागे येऊन उभे राहायचे आणि सुस्कारा टाकून म्हणायचे, बाई, पुन्हा इस्त्री केलीत. समोर जे आहे ते काढा, असायला हवं होतं ते नको. त्या मान डोलवायच्या आणि पुन्हा तेच. जित्याची खोड.

चित्रशाळेत पहिला वर्ग पेन्सिलीचा. त्याची परीक्षा पास झालं की रंगाचा वर्ग. आणि तीनदा नापास झालं की नाव कमी, कारण जागा थोड्या आणि बाहेर वाट बघणारे पुष्कळ. सासूबाई दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा चादरीवर. रंगाच्या वर्गाचं दार त्यांच्या वर्गाला लागूनच होतं. ते उघडं असलं की त्या आत डोकावायच्या, रंगांचा वास नाकात भरून घ्यायच्या आणि घरी येऊन मला सांगायच्या की आज एकाने जांभळ्याच्या शेजारी पिवळा लावलाय आणि तो पिवळा नुसता ओरडतोय. एकदा शर्टाच्या बाह्या मोडता मोडता त्या म्हणाल्या, जगातले सगळे रंग माझ्या हाताखालून गेले गं, पण एकही माझा नव्हता. एक तरी स्वतःच्या हाताने लावायचाय. एवढंच म्हणाल्या आणि पुढचा शर्ट घेतला.

म्हणून टेबलावर ती किटली आली. तिसरी परीक्षा तोंडावर होती आणि सासूबाई रोज दुकान आवरून चादरीसमोर बसायच्या. सरावासाठी त्यांना माणूसही हवा होता. आमच्या घरातली सर्वांत स्थिर वस्तू म्हणजे सासरे. ते खुर्चीत एकदा बसले की पेपर संपेपर्यंत हलत नाहीत, आणि पायांवर पांघरूण असतंच. पण त्यांनी साफ नकार दिला. मी काही किटली नाही, म्हणाले. फार गळ घातली तेव्हा एवढंच कबूल केलं की तू पास झालीस तर बसेन. त्यांना ती भीती फारशी वाटत नसावी.

मग एका दुपारी मी वर कपडे वाळत घालत असताना खालून अशी हाक आली की मला वाटलं, कुणी पडलं. दोन दोन पायऱ्या उतरत आले तर सासूबाई टेबलाला डोकं टेकवून चादरीकडे आडव्या नजरेने बघत होत्या. मलाही तसंच डोकं टेकवायला लावलं. म्हणाल्या, घडीच्या आत बघ. मी बघितलं. उजेडाकडची बाजू पांढरी, पलीकडची काळोखी, हे मलाही दिसत होतं. पण त्या काळोखाच्या अगदी तळाशी एक उजेडाची बारीक रेघ होती. शेजारच्या घडीवरून उजेड उडून तिथे पडला होता. सासूबाई मला कोपराने ढोसत होत्या. आयुष्यभर घड्यांत हात घातला, आत काय असतं ते कधी बघितलं नाही, असं म्हणून त्या इतक्या हसल्या की लिंबू गडगडलं. मग त्याच्यावरून मलाच बोलल्या. ते लिंबू पुन्हा जागेवर बसवता बसवता आमच्या नाकी नऊ आले, पण त्या दिवसापासून त्यांच्या कागदावरची चादर जरा चुरगळायला लागली. मी शेजारणीला सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, दिसेल त्याला सांगितलं की या वेळी आई पास होणार.

परीक्षा दोन दिवसांची होती. तिथेही किटली, बरणी, लिंबं आणि चादर अशी एकच मांडणी, आणि तिचं एकच चित्र. पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी उरलेलं. मधल्या रात्री मांडणी तशीच ठेवून खोलीला कुलूप. सगळे गेल्यावर भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटीही लावली होती, मांडणीला हात लावू नये, लावणारा परीक्षेतून बाद. पहिल्या दिवशी सासूबाई घरी आल्या त्या रस्ताभर कुणाशी तरी बोलत आल्यासारख्या. किटली झाली, बरणी झाली, कापडाच्या दोन्ही कडा झाल्या. फक्त मधला भाग कोरा ठेवला होता, किटलीच्या पायाशी चादर गोळा झाली होती तो. तो गुंता बघून त्यांचा धीर झाला नाही. उद्या ताज्या डोळ्यांनी बघते, म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवशी ते ताजे डोळे घेऊन सगळ्यांच्या आधी गेल्या, चष्मा मात्र इस्त्रीच्या टेबलावर विसरून. मला तो दिसला तेव्हा माझ्या हातात भाजी चिरायची सुरी होती. सुरी टाकली, चष्मा उचलला आणि धावत सुटले. रस्त्यात दोघातिघांनी काय झालं म्हणून विचारलं. सांगायला वेळ नव्हता.

चित्रशाळेच्या दारात पोचले आणि पाय तिथेच खिळले. किटली खिडकीत होती. बरणी जमिनीवर होती. लिंबं शिपायाच्या हातात होती आणि तो कौतुकाने बघत उभा होता. सासूबाईंनी चादर नळाच्या पाण्याने शिंपडून ताणली होती, तळहाताने सपाट केली होती, चौपदरी घडी घातली होती, आणि घडी पक्की बसावी म्हणून तिच्यावर एक जाड लाकडी बोर्ड ठेवून त्या स्वतः बोर्डावर रेलल्या होत्या.

"आई, हे काय करताय?"

"सुरकुत्या काढतेय. इस्त्री नाही इथे, पण तात्पुरत्या जातील. सरांचा निरोप आहे."

शिपायाने मान डोलावली. निरोप त्यानेच दिला होता.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी सगळे गेल्यावर सरांनी चित्रं बघितली. सासूबाईंच्या चित्रातला मधला कोरा भाग त्यांना दिसला. सकाळी त्यांना यायला थोडा उशीर होणार होता, म्हणून त्यांनी शिपायाला निरोप सांगून ठेवला: बाईंना म्हणावं, मधल्या सुरकुत्या काढायच्या राहिल्यात, आल्या आल्या आधी तेवढ्या काढून घ्या. सरांना म्हणायचं होतं, कागदावर. पण हा शिपाई वर्षानुवर्षं सासूबाईंकडे निरोप आणायचा ते पडद्यांचे आणि चादरींचे. त्याच्या तोंडून सुरकुत्या काढा हे वाक्य त्यांनी शेकड्याने ऐकलं होतं आणि त्याचा दुसरा अर्थ कधी झालाच नव्हता. चष्मा नव्हता, त्यामुळे भिंतीवरची पाटीही दिसली नाही. परीक्षेची चादर बदलली असेल, सपाट चादर मांडायची ठरली असेल, असं त्यांना वाटलं. आणि गुरूने सांगितलं म्हटल्यावर त्यांनी जीव लावून काम केलं.

मी चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला, पाटी वाचली, मग चादरीकडे बघितलं. बोर्डावरचा हात त्यांनी उचलला नाही. त्यांना खुर्ची द्यावी म्हणून मी वळले तर दारात बाकीचे परीक्षार्थी येऊन उभे होते.

सगळ्यांत पुढे वकीलकाका. हे निवृत्त वकील, कोर्ट सुटलं पण कोर्टाचा आवाज सुटला नाही असे. त्यांनी रिकाम्या टेबलाकडे बघून विचारलं की आमची मांडणी कुठे आहे. मग शिपायाने लिंबं पुढे केली. त्यानंतर जो गलका झाला तो काय सांगावा. एक बाई मटकन खालीच बसली. कुणी म्हणालं परीक्षा रद्द, कुणी म्हणालं पुन्हा पहिल्यापासून, आणि वकीलकाका त्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, नियम स्वच्छ आहे. तेवढ्यात सर आले. त्यांनी खिडकीतली किटली बघितली आणि भिंतीला टेकले.

सासूबाई पुढे झाल्या.

"सर, माझं नाव कमी करा. पण यांची परीक्षा बुडवू नका. ही माणसं माझ्यामुळे अडायला नकोत."

रंगाच्या वर्गाचं दार उघडंच होतं. त्या तिकडे बघत नव्हत्या, म्हणजे बघायचं टाळत होत्या. मला त्या क्षणी जगातल्या सगळ्या पाट्यांचा संताप आला. मी म्हटलं, सर, आधी तुमचा निरोप काय होता ते तरी विचारा. सुनेने मध्ये बोलू नये वगैरे मला त्या वेळी काही सुचलं नाही.

हे ऐकून वकीलकाकांनी कान टवकारले. त्यांनी शिपायाला खिडकीपाशी उभं केलं आणि उलटतपासणी सुरू केली. साहेब नेमके काय म्हणाले, शब्द इकडचा तिकडे न करता सांग. शिपायाने लिंबं हातात तशीच धरून अक्षरन् अक्षर सांगितलं. वकीलकाकांनी सरांना विचारलं, आपण असं म्हणालात? सर म्हणाले, म्हणालो. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, आपला धंदा काय? त्या म्हणाल्या, सुरकुत्या काढणे.

वकीलकाकांच्या मिश्या हलायला लागल्या. आधी वाटलं चिडले, मग कळलं की माणूस हसतोय. हसता हसता त्यांनी निकालच दिला. म्हणाले, साक्षीदार खरं बोलतो, सर खरं बोलतात, आणि बाईंनी सांगितलं ते केलं. दोष असेल तर या एका शब्दाचा आहे, आणि त्याला बाद करायची सोय पाटीवर नाही. मघाचा फिर्यादी आता आमच्या बाजूने उभा होता. खाली बसलेली बाईसुद्धा हसत उठली.

सरांना मात्र सगळ्यांचा विचार करायचा होता. ते म्हणाले, घंटेपर्यंत वेळ आहे. मांडणी होती तशी परत झाली आणि इथल्या प्रत्येकाने मान्य केली, तर परीक्षा चालू. एकाने जरी नाही म्हटलं, तरी मला नियमाने वागावं लागेल.

मग जी धावपळ झाली तिच्यात माझे हातही होते, हे मी अजून सगळ्यांना सांगत असते. प्रत्येकाने आपापल्या जागी बसून आपलं कालचं चित्र मांडीवर घेतलं. सासूबाई चादर घेऊन मधे, मी किटली घेऊन त्यांच्या मागे. मग चहूबाजूंनी सूचना सुरू झाल्या. माझ्या बाजूने जरा खाली. नको, माझ्याकडून ती वर होती. किटलीचं नाक खिडकीकडे. बरणी अजून मागे, तिच्यातून मला दाराची चौकट दिसत होती. एकाची घडी बसली की दुसऱ्याची मोडायची. सासूबाईंचा हात सवयीने चादर झटकून सरळ करायला जायचा की मी मागून त्यांचा हात धरायचे. वकीलकाका सारखे सांगत होते की इथे एक मोठी ऐटबाज घडी होती, पार खालपर्यंत झुळझुळत गेलेली. ती कुणाच्याच चित्रात सापडेना. शेवटी त्यांनी पडत्या आवाजात कबूल केलं की ती त्यांनी चित्राला शोभा यावी म्हणून मनाने घातली होती. सर म्हणाले, वकीलसाहेब, खोटा पुरावा. खोली हसून लोटपोट झाली.

हळूहळू चादर ओळखीची दिसायला लागली. कडा आल्या, किटली बसली, लिंबं बसली. पण मधे काही केल्या जाईना अशी एक गोष्ट राहिली. सासूबाईंनी घातलेली चौपदरी घडी. ओल्या सुती कापडावर बोर्डाखाली दाबलेली घडी ती, बोटांनी चोळून थोडीच जाते. एक उभी रेघ, एक आडवी, किटलीच्या पायाशी एकमेकींना छेदणारी. कालच्या चादरीत ती नव्हती. कुणाच्याच चित्रात नव्हती.

सगळे पुन्हा सरांकडे बघायला लागले. सर टेबलाभोवती फिरले, वाकून बघितलं, आणि गेली दोन वर्षं ते जे सांगत आले होते तेच म्हणाले. समोर जे आहे ते काढा. घडी आली आहे तर घडी काढा. कबूल आहे का? वकीलकाकांनी सर्वांत आधी हात वर केला, मग एकेक करत सगळ्यांनी. घंटा झाली. खोलीभर खोडरबर घासल्याचा आवाज सुरू झाला, कारण प्रत्येकाला मधलं पुसून नवीन काढायचं होतं.

एक सासूबाई सोडून. त्यांच्या कागदावर तेवढीच जागा कोरी होती.

मी दाराबाहेर उभी होते. बाहेरच्यांना आत बसायची परवानगी नव्हती, पण दाराला काच होती आणि काचेला नाक लावायला कुणाची मनाई नव्हती. सासूबाईंनी पेन्सिल उचलली. नीट घडी म्हणजे त्यांच्या हातचं काम, डोळे मिटून काढतील, असं मला वाटलं. पण ती घडी आता नीट राहिलीच नव्हती. चादर पुन्हा चुरगळून मांडल्यावर ती सरळ रेघ प्रत्येक उंचवट्यावर मोडली होती, खड्ड्यात बुडून पलीकडे भलतीकडेच निघाली होती. आपल्या घडीचे असे हाल झालेले त्यांनी कधी बघितले नव्हते. कपडा गिऱ्हाइकाच्या हातात गेला की त्यांचं काम संपायचं. त्या बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई हिला कागदावर तरी सरळ करणार. मी काचेवर धुकं धरेपर्यंत श्वास सोडत होते.

मग त्यांनी डोकं तिरकं करून जवळजवळ बोर्डाला टेकवलं, त्या दुपारी घरी टेकवलं होतं तसं, आणि हात चालू झाला. पेन्सिल मोडावर वळायची, खड्ड्यात उतरायची, काळोखात शिरायची, तळाची ती उजेडाची रेघ सोडून पुढे जायची. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही, पण नंतर विचारलं तर सांगितलं, मी म्हणत होते, ही माझीच, ही माझीच. मी बाहेर उभ्या उभ्या उड्या मारत होते. शिपायाने मला स्टूल आणून दिलं, त्यावर मी बसले नाही, चढले.

संध्याकाळी बाहेरच्या परीक्षकबाई आल्या. सकाळचा प्रकार त्यांना सरांनी मुद्दाम सांगितला नव्हता. त्या एकेक चित्र बघत सासूबाईंच्या चित्रापाशी थांबल्या. किटली जरा जाडी झाली आहे, म्हणाल्या. बरणीचं झाकण तिरकं आहे. मग त्या मधल्या घडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही तुम्हाला कशी सापडली? सासूबाई म्हणाल्या, सापडली नाही हो, पडली माझ्या हातून.

त्या काठावर पास झाल्या. जन्म कापडात गेलेला, त्यामुळे काठाचं त्यांना काही वाटलं नाही. यादीत नाव दिसलं तेव्हा त्यांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस निळा होता. मी तो निळा डाग त्यांना दाखवला तर निरखून म्हणाल्या, कडेला थोडा हिरवा पण आहे बघ. घरी जाताना रंगाचा डबा घेतला. रस्त्यात त्या तो तीन वेळा उघडून बघायला थांबल्या, आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर बघितला.

रविवारी सासऱ्यांना दिलेला शब्द पाळावा लागला. ते सकाळपासून तयारीत होते. केस विंचरलेले, दाढी केलेली, कडक इस्त्रीचा शर्ट. सासूबाईंनी त्यांना नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, हा नको, कालचा घाला. सासरे माझ्याकडे बघायला लागले. या घरात चुरगळलेल्या शर्टाने त्यांना कधी जिन्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. ते मुकाट्याने आत गेले आणि कालचा शर्ट घालून, पायांवर पांघरूण घेऊन आरामखुर्चीत बसले. सासूबाईंनी डबा उघडला. खिडकीतून ऊन सासऱ्यांच्या गालावर पडलं होतं, डोळ्यांच्या कडेला, कपाळावर, ओठांच्या बाजूला, आणि तिथल्या एकेका रेषेत सावली होती, सावलीच्या तळाशी उजेड. त्या बघतच राहिल्या. इतका वेळ त्यांनी सासऱ्यांकडे बघितलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. सासरे अवघडले.

"शर्टाचं राहू दे," ते म्हणाले. "पण तोंडावरच्या सुरकुत्या तेवढ्या काढ."

"त्याच काढायला बसलेय."

"सगळ्या?"

"एकही सोडणार नाही," सासूबाई म्हणाल्या आणि ब्रश पाण्यात बुडवला.

सासऱ्यांचं समाधान झालं. ते हनुवटी वर करून ऐटीत बसले, आणि मी ओठ दाबून स्वयंपाकघरात पळाले.